तीच बॅच

सेंद्रिय डाळीच्या पाकिटांबद्दलच्या तक्रारी ऐकणं ही माझी नोकरी. लोक फोन लागताच अंगावर येतात. हे आजोबा मात्र "जेवलीस का गं?" असं विचारून सुरू झाले.

"तुमच्या पाकिटात तीन खडे निघाले."

मी पाठ केलेली माफी मागितली आणि बॅच नंबर विचारला. तो त्यांना घरच्या फोन नंबरासारखा तोंडपाठ होता. याच बॅचने आठवडाभर आमच्या नाकी नऊ आणले होते.

"ती बॅच आम्ही परत मागवली आहे, आजोबा. पाकीट उद्याच बदलून देते. नवीन डाळ मशीनवर दोनदा निवडलेली आहे, औषधालाही खडा सापडणार नाही."

"बदलून नको," ते घाईने म्हणाले. "त्याच बॅचची आणखी मिळतील का? असतील तेवढी दे."

मला वाटलं, थट्टा करतायत. "सेंद्रिय म्हणून खडे खायचे का, आजोबा?"

"खायला नकोत. आमची ही डाळ निवडते. दोन वर्षं झाली, कुणाला ओळखत नाही, बोलत नाही. हाताला चाळा म्हणून मी ताटात डाळ ओतून देतो. तासभर बोटं फिरवते, पण हल्लीच्या डाळीत काही सापडतच नाही. मध्ये मी कुंडीतले खडे मिसळून पाहिले, त्यांना काही ती फसली नाही. परवा तुमचा खडा सापडला."

मी स्क्रीनवर त्या बॅचची उरलेली पाकिटं शोधू लागले.

"तो माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, अहो, डावीकडची दाढ जपा."