विधवेचा ठसा

नवऱ्याचा उजवा हात लुळा पडल्यापासून पॅरिसमधल्या आमच्या कारखान्यातल्या खुर्च्या मीच कोरते. आज राजवाड्यासाठीची जोडी तयार झाली. सोन्याचा वर्ख चढवणाऱ्याकडे पाठवण्याआधी मी एक खुर्ची पालथी ठेवली आणि नवऱ्याच्या नावाचा लोखंडी ठसा त्याच्यापुढे धरला. ठसा मारायचा हक्क उस्तादाचा, म्हणजे त्याचा. बायकोकडे तो येतो विधवा झाल्यावरच. "पेरीन, आज तू मार," तो म्हणाला. "काहीतरीच काय? तू चांगला जिवंत आहेस की!" "म्हणून तर सांगतोय. मी गेल्यावर तू मारशीलच, पण तेव्हा तुझे आभार कोण मानणार?" "आणि सुतारसंघाच्या पंचांना कळलं तर?" "सांगू, म्हाताऱ्याचा हात सुधारला." त्याने डाव्या हाताने ठसा बैठकीखालच्या लाकडावर टेकवला. मी हातोडी घातली. "वाकडा आला," मी पुटपुटले. त्याने नाव चाचपलं, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "दुसरी उलटी करा, उस्ताद."