दहा बाय बाराचं थेटर

"आवाज बाहेर गेला त खोली गेली, अमोलभाऊ," हसनैन म्हणाला. "एवढं एक ध्यानात ठेवा."

अमोलनं भिंतीला टेप लावला. दहा बाय बारा. एक दार, एक खिडकी, वर पंखा. एवढ्याशा भाड्याच्या खोलीत होम थिएटर बसवणारं गिऱ्हाईक त्याला अख्ख्या अमरावतीत पहिल्यांदाच भेटलं होतं. बंगलेवाल्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे खोल्या जास्त आणि पाहणारे कमी.

"स्पीकर कुठं हायेत?"

"अकोल्याले. शुक्रवारी अम्मीले आणतो, मंग काय ते पाहू. पहिले भिंती करून घ्या."

अकोल्यात वर्षभरात तीन खोल्या हसनैनला सोडाव्या लागल्या होत्या. तिन्ही आवाजापायी. आधी शेजारी दार वाजवत, मग घरमालकाकडे जात, आणि मग सामान रस्त्यावर. इथले घरमालक खुशालराव भिंतीला भिंत लावूनच राहत होते. चावी देतानाच त्यांनी बजावलं होतं, "मले काही ऐकू आलं, त त्याच दिवशी सामान उचलायचं." ही खोली गेली तर म्हाताऱ्या आईला घेऊन कुठे जायचं, हे हसनैनला ठाऊक नव्हतं. तसं त्यानं स्वतःच सांगितलं.

अमोलला मनातून त्याचा रागच आला. तीन खोल्या गेल्या तरी हौस जात नाही म्हणजे काय! आवाज कमी करायला एक बटण असतं, ते दाबायला काय जातं? घरात नाही दाणा आणि मला हवालदार म्हणा, त्यातली गत. पण गिऱ्हाइकाला अक्कल शिकवायची नसते, एवढं तो धंद्यात शिकला होता.

"फोम मागवू का भिंतींले?"

"नको. गाद्या शिवतो मी. आमचा धंदाच हाय थो."

अकोल्यात दोघा भावांचं गाद्यांचं दुकान होतं, हसनैनचं आणि थोरल्या वलीचं. चार वर्षांपूर्वी दुकानाला आग लागली. कापूसच तो, पेटायला कितीसा वेळ! वली आत होता. हसनैननं हे सुईत दोरा ओवता ओवता सांगितलं. अमोल उगीच पट्ट्या मोजत बसला.

तीन दिवस काम चाललं. अमोल लाकडी पट्ट्या ठोकी आणि हसनैन त्यांवर गाद्या ताणून बसवी. टाका असा घट्ट, की बोट शिरायचं नाही.

"कोपऱ्यात डबल कापूस भरू," हसनैन म्हणाला.

"बराबर. घुमणारा आवाज कोपऱ्यातच साठते." अमोलला कौतुक वाटलं. गिऱ्हाईक वेडं होतं, पण जाणकार होतं.

खिडकीला दुहेरी काच बसली. दाराच्या फटींना रबर लागलं. जमिनीवरही गादी अंथरली, वर जाड सतरंजी.

"प्लग किती काढू?"

"एकच. अन् वर काढा, हात पोचणार नाही असा."

"मंग रोज लावसान कसं?"

"मी पाह्यतो ना."

"बसणारे किती? त्यावर स्पीकरची जागा ठरते."

"दोघं. एक झोपून, एक बसून."

अमोलला आता राहवलं नाही. "पण हसनैनभाई, तुमच्या अम्मीले एवढा आवाज सोसंल का?"

हसनैननं दोरा दातानं तोडला. "सवय झाली आता," तो म्हणाला, आणि पुढच्या गादीला लागला.

अमोलची एक पद्धत होती. काम संपलं की आत मोठ्यानं वाजवायचं, दार लावायचं आणि बाहेर उभं राहून ऐकायचं. ही परीक्षा झाल्याशिवाय तो कुणाचंही घर सोडत नसे. त्यासाठीच तो शुक्रवारी दुपारी वायरचं भेंडोळं घेऊन आला.

स्टँडवरून ऑटो आला. हसनैननं आईला, कुलसुमबीला, दोन्ही हातांवर उचलून आत नेलं. ती गाढ झोपली होती. लहानशी, वाळलेली म्हातारी.

"प्रवासासाठी गोळी दिली होती," तो तिला पलंगावर ठेवत म्हणाला. "आता उठंल."

बाहेर ऑटो वळून निघून गेला. अमोल पाहतच राहिला.

"अन् स्पीकर?"

"तुमी बाहेर थांबा, भाऊ. दार लावून घ्या, अन् ऐका."

"काय ऐकू?"

"ऐका त खरं." हसनैनच्या बोलण्यात एवढी काकुळती होती, की अमोल मुकाट्यानं बाहेर गेला.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. कुणाच्या तरी कुकरची शिटी, पत्र्यावर कबुतरं, दुसरं काही नाही. आपली थट्टा चालली आहे असं वाटून त्यानं वैतागून दार उघडलं.

आवाज अंगावर आला.

"वली अंदर है! दरवाजा खोलो! मेरा वली अंदर है!"

कुलसुमबी दोन्ही मुठींनी भिंत बडवत होती. किंचाळताना तिच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. मुठी गादीत रुतत होत्या आणि भिंत हूं की चूं करत नव्हती. हसनैन तिला मागून कवेत धरून उभा होता. त्यानं फक्त दाराकडे बोट केलं. त्याचे डोळे भरले होते.

अमोलनं दार ओढून घेतलं. आवाज कापल्यासारखा थांबला. तो दाराला पाठ लावून उभा राहिला.

शेजारच्या दारातून खुशालराव बाहेर आले. "आत्ता काहीतरी आलं कानावर."

"दार उघडलं होतं, काका."

"चालू झालं का मंग याचं थेटर?"

"हो."

खुशालरावांनी भिंतीला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग मान हलवली. "काहीच येत नाही. पण असं नाही चालणार. मी फुल्ल आवाजावर पाह्यल्याशिवाय खोलीत राहू देत नसतो. सांग त्याले, अजून वाढव म्हणा."

अमोलनं कडी घट्ट धरली.

"फुल्लच हाय, काका."