दुपारची हाक

"आपली पणजी भूत झालीय का गं आई?" हे घरी विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि नववीत गेल्यापासून पोरगी कुणाच्या बापाला भीत नव्हती. तिने भर जेवणात विचारलंच.

आईच्या हातातला डाव तसाच थांबला. बाबा हळूच म्हणाले, "म्हणजे तुलाही ऐकू येतं?"

दुपार कलली की पणजीच्या रिकाम्या खोलीतून हाक यायची, "आई! ए आई!" तिघांनाही ऐकू यायची आणि तिघंही आपली गप्प.

पणजीने सात लेकरं वाढवली, अर्ध्या गल्लीची बाळंतपणं केली, भल्याभल्यांना सुतासारखं सरळ केलं. शेवटच्या वर्षी मात्र ती सगळं विसरली आणि पणतीलाच आई म्हणू लागली. पोरगीही बिलंदर, "आले गं सोनुले!" म्हणत धावायची. तिने थोपटलं की म्हातारी गाढ झोपायची.

"उद्याच त्या खोलीला कुलूप घालतो," बाबा म्हणाले.

"कुलूपबिलूप काही नको." पोरगी ताटावरून उठली. "मी आजपासून तिकडेच झोपणार. माझी लेक एकटी झोपत नाही, बाबा."