मंडळीचा निकाल

पादरीसाहेब कायमचे विलायतेला गेले. जाताना म्हणाले, "मंडळीचं पुढचं आता तुमचं तुम्ही ठरवा. एकाला बीदरला शिकायला धाडा, तोच तुमचा पाळक." म्हणून रविवारच्या उपासनेनंतर सगळे देवळातच थांबले.

मंडळीतल्या वडीलधाऱ्या मोशेअप्पांनी दोन मडकी मांडली. एक माझ्या नावाचं, एक माझ्याच वर्गातल्या एस्तेरच्या. दर घरानं ज्वारीचा एक दाणा टाकायचा. कुणी काही सांगायच्या आधीच मी ओळखलं! मिशनच्या शाळेत उर्दू-मराठी दोन्हींत पहिली मी, बायबल घडाघडा वाचते मी. एस्तेरला जोडाक्षर फुटत नाही.

दाणे माझ्याच मडक्यात पडत गेले. एस्तेरच्या आईनंसुद्धा माझ्याच मडक्यात टाकला. केवढं मोठं मन! एकच दाणा एस्तेरच्या मडक्यात पडला, आणि तो टाकला माझ्या आईनं.

मी भर मंडळीत ओरडले, "कामून गं आई? मी पुढं गेलेलं तुला बघवंना व्हय?"

आई तोंडात पदर कोंबून मटकन खाली बसली.

मोशेअप्पा उठले. "ठरलं मग. पाळक व्हायला आपला शमुवेल जायलाय. गडी चाळिशीचा, त्याला अक्षर येत न्हाई. बायको गेल्यापासनं लेकरांचे बी हाल. ही पोरगी त्याला वाचून दावंल, लेकरं बी बघंल. येत्या रविवारी लग्न लावू."

सगळी मंडळी एका सुरात म्हणाली, "आमेन."