तात्पुरती ओळ

काचेच्या पेटीच्या पडद्यावर तापमानाच्या जागी नुसत्या तीन आडव्या रेघा होत्या, आणि खाली हिरवा दिवा.

आत्याच्या पायाखालची जमीनच सरकली. पेटीत तिची पाच दिवसांची भाची होती, दीड किलोची.

"या ताई," वहिनी खाटेवरून म्हणाली. "सगळ्यांना सांगतेय, पेटीचा प्रोग्राम हिच्या आत्याने लिहिलाय, मग काळजी कसली."

"सिस्टर, हिला आधी बाहेर काढा."

नर्सने वहीतून मान वर केली नाही. "दिवा हिरवा आहे ना? मग झालं. तुमच्याच कंपनीने शिकवलंय आम्हाला."

शिकवलं होतं खरं. पेटी सारखे दोन प्रश्न विचारते. तापमान छत्तीसच्या खाली गेलं? साडेसदतीसच्या वर गेलं? दोन्हींना 'नाही' आलं की दिवा हिरवा. पण सेन्सरची वायर निसटली, तर येतो तो आकडाच नसतो. त्याला काहीही विचारा, उत्तर 'नाही'. म्हणून आधी विचारायचं असतं, हा आकडा आहे तरी का? प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या नव्या कंपायलरमध्ये हा प्रश्न तयार मिळतो. या जुन्या पेट्यांच्या कंपायलरला तो ठाऊकच नव्हता, आणि काम अडून बसलं होतं. तेव्हा आत्याने त्या प्रश्नाच्या नावाचा मॅक्रो, म्हणजे त्याच्या जागी बसणारा छोटा तुकडा, स्वतः लिहून टाकला. एका ओळीचा. समोर काहीही आलं तरी म्हणणार, 'हो, आकडाच आहे.' शेजारी शेराही मारला होता, 'तात्पुरतं. नंतर बघू.' सात वर्षं झाली. चालत्या गाड्याला खीळ कोण घालतं?

"तो दिवा खोटा आहे," आत्या म्हणाली. "त्याचा प्रोग्राम मीच लिहिलाय. तुमच्या पाया पडते, एकदा हात लावून बघा."

नर्स उठली, ती कटकट मिटावी म्हणूनच. तिने आत हात घातला आणि तिचा चेहरा उतरला. पाय गार, पोटही गार. सेन्सरची वायर चादरीखाली सुटून पडली होती. तिने बाळ उचललं, वहिनीच्या उघड्या छातीवर ठेवलं, वर दोन ब्लँकेटं घातली आणि डॉक्टरांना हाक मारत धावली.

भाची रडली नाही. ओठ तेवढे हलले.

"ताई," वहिनीने तिचा हात घट्ट धरला. "तुम्ही होतात म्हणून कळलं."

आत्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भिंतीलगत आणखी पाच पेट्या होत्या, तशाच जुन्या. त्यांतल्या तीन पेट्यांचे तापमानाचे पडदे केव्हाच बंद पडले होते. दिवे चालतात म्हटल्यावर ते दुरुस्त कोण करतंय.

तिने हात सोडवून घेतला, कोपरापर्यंत धुतला आणि बंद पडद्याच्या पहिल्या पेटीपाशी गेली.

तिथली आई हसली. "आमचं ठीक आहे हो. हिरवा आहे."

आत्याने आत हात घातला.