वाडीतला मुळा

बोदलकसा तलावाजवळची वारलेल्या आईची भाजीची वाडी तिलकने बहिणीला न विचारताच हॉटेलवाल्याला विकली होती. आज नागपूरहून आलेल्या ओमेश्वरीला तो तिथेच जेवायला घेऊन आला. हॉटेलची परसबाग पाहून तिचं डोकं भडकलं.

"वाडी विकाले आई मरेपर्यंत नाही म्हणत होती. तुले लाज नाही वाटली?"

"कायले चिडून राहिली, बाई? पाहुणे इथं आपल्या हातानं भाजी काढतेत. तू बी काढ."

ओमेश्वरीने रागारागाने एक मुळा उपटला. तो अर्धा वर आला, आणि खालून कोणीतरी तो परत ओढला.

तिने दोन्ही हातांनी जोर लावला. तिलकने हसत हसत पुढे येऊन पाला धरला.

मातीखालून आईचा संतापलेला आवाज आला, "ओमे, तू सोड. त्याले धरू दे."