सहा-दहाची सुई

नियंत्रण कक्षाच्या पूर्वेकडच्या खिडकीत उजेड येई तो आधी राखेच्या रंगाचा, मग हळूहळू ऊब धरणारा. प्रथम तो रोहित्राच्या तेलकट कुशीवर टेके, तिथून आवारातल्या खडीवर उतरे, काचेवरचे बोटांचे ठसे एकेक करून दाखवी आणि अखेर तीन मापकांच्या तबकड्यांवर येऊन थांबे. लाल, पिवळा, निळा. कर्मचारी वसाहतीतल्या सोळा घरांची वीज या तीन फेजांत वाटलेली होती. तिन्ही सुया जवळपास सारख्या ठेवणे, हे ऑपरेटरचे काम.

सहा वाजून दहा मिनिटांनी पिवळी सुई नऊ अँपिअरने वर सरकली. रात्रपाळीच्या ऑपरेटरच्या स्वतःच्या घरचा गीझर. एवढ्या लवकर वसाहतीत दुसरे कोणी जागे नसे.

"उठली," तो हलकेच म्हणाला.

"वहिनींची वेळ म्हणजे वेळ," चार महिन्यांपूर्वी बदलून आलेला तंत्रज्ञ म्हणाला. "पण चहाला काही बोलावलं नाही अजून."

"बोलावू."

नऊ वाजता अभियंता आले. "पिवळ्यावर भार फार झालाय. न्यूट्रलची तार तापतेय. तुमचं घर निळ्यावर टाकू. दुपारी चाळीस मिनिटं पुरवठा बंद, बस."

"माझं नको, साहेब. दुसरं कुणाचं घ्या."

"का?"

"घरी वीज गेलेली चालत नाही."

"चाळीस मिनिटं पंखा नसला तर वहिनी काय माहेरी निघून जातील?" तंत्रज्ञ म्हणाला.

साहेब हसले. तो हसला नाही. मग मान खाली घालून त्याने परवानगीच्या कागदावर सही केली.

दुपारी खांबावरची जोडणी बदलली. न्यूट्रल निवली. तो घरी पोहोचला तेव्हा गीझरमधले पाणी नेहमीसारखेच सकाळचे, कोमट होते. त्याने त्याच पाण्याने अंघोळ केली. संध्याकाळी स्वयंपाकघरातला दिवा उशिरा लागला. तो अंधारात बसून राहिला. उद्या सुई वेळेवर हलावी, एवढेच त्याला हवे होते.

दुसऱ्या दिवशी उजेड तबकड्यांवर आला. सहा-दहा झाले. निळी सुई हलली नाही. तो खुर्चीवरून उठला आणि काचेपाशी उभा राहिला. सव्वासहा. साडेसहा. खडीवरचे ऊन पांढरे होत गेले. बरोबर सहा-पन्नासला सुई नऊ अँपिअरने वर सरकली.

"आज वहिनींना उशीर झाला," तंत्रज्ञ म्हणाला.

"दमली असेल."

दुपारी त्याने कुलूप उघडले. चपला न काढताच तो न्हाणीघरात गेला आणि गीझरच्या प्लगमध्ये बसवलेल्या, ठरल्या वेळी तो आपोआप चालू करणाऱ्या लहानशा घड्याळासमोर उभा राहिला. काल वीज नसताना तेही थांबून राहिले होते. त्याने त्याची तबकडी चाळीस मिनिटे पुढे फिरवली. मग स्वयंपाकघरात जाऊन दिव्याच्या घड्याळाचीही फिरवली.

ती घर सोडून गेली त्याला चौदा महिने झाले होते.